आईबाबांसाठी जागा शोधताना: वृद्धाश्रम, केअर सेंटर की ज्येष्ठांची सोसायटी?

पुण्यात किंवा ठाण्यात कुणाला ‘आईसाठी एखादा चांगला वृद्धाश्रम सांगा’ म्हटलं की पाच मिनिटांत चार नावं मिळतात. एकाचं आवार छान, दुसऱ्याचं जेवण छान, तिसरा कुणाच्या तरी मावससासूबाईंचा. ज्या आजींसाठी ही चौकशी चालली आहे त्या रात्री एकट्या उठून बाथरूमला जातात का, हे मात्र कुणी विचारत नाही. जागा कुठल्या प्रकारची हवी, हे निम्म्याहून अधिक त्यावर ठरतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना डोक्यात राहील. बऱ्याच वृद्धाश्रमांच्या अर्जात एक ओळ असते: ‘स्वतःची कामं स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश’. लोक ती वाचतात, आई अजून हिंडतीफिरती आहे म्हणून खूश होतात आणि सही करतात. त्या ओळीचा उरलेला अर्थ दोन-तीन वर्षांनी कळतो. आई अंथरुणाला लागते आणि ऑफिसातून फोन येतो, ‘आता यांना घेऊन जा.’ प्रवेशाच्या अटी सगळे बघतात. तुम्ही परत पाठवायच्या अटी आधी बघा.

पहिलं काम घरातच: गरज लिहून काढा

कुठेही फोन करण्याआधी एक वही घ्या. डॉक्टर मंडळी वृद्धांची कुवत मोजायला कॅट्झ यांची सहा कामांची यादी वापरतात, ती घरी सहज वापरता येते: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन स्वच्छ होऊन येणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, आणि स्वतःच्या हातानं जेवणं. प्रत्येकासमोर लिहा: एकटी करते, कुणी हाताशी लागतं, की दुसऱ्यालाच करावं लागतं. आठवडाभर लिहा, कारण एका दिवसात काही कळत नाही.

ही वही कुणी भरायची? जी व्यक्ती खरोखर करते तिनं. रविवारी तासभर येणाऱ्या मुलाच्या वहीत आई नेहमी ठणठणीत असते, कारण तो येणार म्हणून तिनं साडी बदललेली असते, केस विंचरलेले असतात आणि ‘मी सगळं माझं माझं करते’ हे वाक्य तयार असतं. सून किंवा कामाच्या मावशी वेगळं सांगतील. अंघोळीला बसताना त्या स्टुलाला धरतात, पाठीला पाणी पोचत नाही, परवा गाऊन उलटा घातला होता. खरी माहिती ही.

रात्रीचं वेगळं पान करा. किती वेळा उठणं होतं, दिवा लावून की अंधारात, वॉकर घेऊन की भिंतीला धरून, डायपर लागतो का. दिवसा एका माणसावर भागणाऱ्या वृद्धांना रात्री कुणीतरी जागं लागतं, आणि साध्या वृद्धाश्रमात रात्री जागं माणूस सहसा नसतं.

मग डोक्याचं पान. गॅस चालू राहतो का, एकच गोळी दोनदा घेतली जाते का, ओळखीच्या रस्त्यावरून परत येता येतं का, पैशाच्या व्यवहारात गोंधळ होतो का. इथे एक थांबा घ्या. गोंधळ दिसला की ‘डिमेन्शियाच असणार’ असं घरीच ठरवू नका. सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, किंवा नुसतं ऐकू न येणं, यातल्या कशानंही माणूस भ्रमिष्टासारखं वागू शकतं. त्यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. तपासण्या करून घ्या, मगच जागा शोधा. नाहीतर कानाच्या यंत्रावर भागलं असतं तिथे डिमेन्शिया केंद्राची अनामत भरून बसाल.

हॉस्पिटलमधून उद्या डिस्चार्ज असेल तर

निवांत वही भरायला वेळ मिळेलच असं नाही. नेहमीचा क्रम असा असतो: बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि चार-पाच दिवसांत ‘उद्या घरी न्या’. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीला. अशा वेळी घाबरून कायमचा निर्णय घेतला जातो.

तो घेऊ नका. ऑपरेशननंतरचे पहिले दीड-दोन महिने हा त्या माणसाचा सगळ्यात वाईट काळ असतो. फिजिओथेरपी नीट झाली तर बरेच जण पुन्हा वॉकरवर येतात. भूल आणि आजारपणामुळे आलेला गोंधळही पुष्कळदा ओसरतो. त्यामुळे महिन्याच्या बोलीवर ठेवून घेणारं केअर सेंटर किंवा पुनर्वसन केंद्र बघा, मोठी अनामत मागणारी जागा टाळा, आणि सहा आठवड्यांनी वही नव्यानं भरा. तिथे एकच चौकशी नेटानं करा: फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतात आणि पेशंटला प्रत्यक्ष उभं कोण करतं. नुसतं झोपवून ठेवणाऱ्या ठिकाणी सहा आठवड्यांत पाय जातात.

आता प्रकार

आई-बाबा दोघंही धडधाकट आहेत, फक्त मोठं घर सांभाळणं, वाणसामान, प्लंबर यांचा कंटाळा आलाय, तर ज्येष्ठांसाठी बांधलेल्या सोसायट्या आहेत. पुण्यात परांजप्यांची ‘अथश्री’ हे त्यातलं जुनं नाव. नेरळची डिग्निटी फाउंडेशनची वसाहतही अनेकांना माहीत असते. इथे तुम्ही घर घेता किंवा भाड्यानं राहता. जेवणघर, डॉक्टरांची फेरी, हाकेला धावणारं कुणी, एवढं मिळतं. सेवा-शुश्रूषा गृहीत धरू नका. नवीन प्रकल्पात घर घेत असाल तर महारेरानं २०२४ मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी घालून दिलेले नियम विचारा: किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारं, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट आणि उतार, बाथरूममध्ये न घसरणारी फरशी आणि धरायला दांडे. बिल्डरच्या माहितीपत्रकात हसऱ्या जोडप्यांचे फोटो असतात. दाराची रुंदी टेप लावून बघा.

एकटेपणा आहे, स्वयंपाक होत नाही, पण वहीतल्या सहाही कामांपुढे ‘एकटी करते’ असंच लिहिलंय, तर साधा सशुल्क वृद्धाश्रम पुरतो. ट्रस्टनं चालवलेले जुने आश्रम याच प्रकारातले. पुण्यात नवी पेठेतला ‘निवारा’ तर एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला. चांगल्या ठिकाणी प्रतीक्षायादी असते, म्हणून गरज पडायच्या वर्षभर आधी नाव घालून ठेवलेलं बरं. ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांच्यासाठी राज्यात १९९५ पासूनची मातोश्री वृद्धाश्रम योजना आहे, चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. गोव्यात असाल तर प्रोव्हेदोरिया या सरकारी संस्थेचे वृद्धाश्रम आहेत.

दोन-तीन कामांना हाताशी माणूस लागत असेल तर ‘असिस्टेड लिव्हिंग’. हा शब्द हल्ली कुठल्याही पाटीवर दिसतो, त्यामुळे पाटीवर जाऊ नका. मदतीला माणूस खोलीपाशी येतो की घंटा वाजवून वाट बघावी लागते, यावरून ओळखा.

अंथरुणाला खिळलेल्या, नाकातून नळी किंवा लघवीची पिशवी असलेल्या माणसाला नर्सिंग असलेलं केअर सेंटरच हवं. तिथे नर्स शिकलेली आहे की सगळ्याच पांढऱ्या कपड्यातल्या मुलींना ‘सिस्टर’ म्हणतात, हे विचारायला लाजू नका. इंजेक्शन, सलाइन, ऑक्सिजन असं सगळं देत असतील तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणा.

डिमेन्शियाचं केंद्र वेगळं असतं, कारण तिथला पेशंट पुष्कळदा चालताफिरता असतो. प्रश्न असतो तो दाराबाहेर निघून जाण्याचा, संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणून उठण्याचा, अंघोळीला हात लावू न देण्याचा. साध्या वृद्धाश्रमात असं माणूस आठ दिवसांत सगळ्यांना नकोसं होतं. भाषेचंही बघा. नंतर शिकलेल्या भाषा आधी पुसट होतात आणि लहानपणची शेवटपर्यंत राहते. मुलगी बेंगळुरूला आहे म्हणून आईला तिथल्या उत्तम केंद्रात ठेवलं, पण ‘पोटात दुखतंय’ हे मराठीत सांगितलेलं समजणारं कुणी नाही, असं होऊ शकतं. तिथे दोन मदतनीस मराठी समजणारे असतील तर महागड्या बागेपेक्षा ते मोलाचे.

आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल तर वेदना कमी करणारी उपशामक केंद्रं आहेत. कॅन्सरच्या रुग्णांसाठी पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून, मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून विनामूल्य सेवा देतं. शांती अवेदनाची शाखा गोव्यातही आहे.

आणि हो, घरीच चोवीस तासांची बाई ठेवणं हाही एक प्रकार आहे. एकच माणूस अंथरुणावर आणि घरात देखरेखीला कुणी असेल तर तो पुष्कळदा बराही पडतो. ब्यूरोची बाई गणपतीत आणि मे महिन्यात गावी जाते, बदली बाई येईपर्यंत तुमचे हाल होतात, एवढं धरून चाला.

पैशाचा हिशेब

महिन्याच्या आकड्यावर तुलना करू नका. त्यात काय काय धरलंय ते विचारा: डायपर, औषधं, फिजिओ, कपडे धुणं, डॉक्टरांची फी, हॉस्पिटलला नेलं तर सोबत बसणारं माणूस. हे सगळं वेगळं असेल तर स्वस्त दिसणारी जागा महाग पडते. दरवर्षी किती टक्के वाढ, तेही लिहून घ्या. आज २५,००० असलेली फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर नऊ वर्षांत ५०,००० च्या आसपास जाते. आईचं वय ७४ असेल तर नऊ वर्षं हा काही लांबचा विचार नाही.

जीएसटीचा एक बारकावा. शासनाच्या, किंवा आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात, ६० वर्षांवरच्या रहिवाशाला राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० पर्यंतच्या आकारावर हा कर नाही. खासगी कंपनीचं केंद्र असेल तर सांगितलेली रक्कम कर धरून की वगळून, हे विचारा.

मेडिक्लेमवर विसंबू नका. साध्या पॉलिसी हॉस्पिटलात दाखल झाल्याचे पैसे देतात, सांभाळण्याचे देत नाहीत. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना २०२४ पासून मिळणारं आयुष्मान कार्डही वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या हॉस्पिटलच्या उपचारांसाठीच आहे. तरी काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही.

अनामत परत मिळणारी आहे की ‘देणगी’ म्हणून घेतली जाते? दोन्हींची पावती वेगळी असते. माझं मत स्पष्ट आहे: राहतं घर विकून एकरकमी पैसे कुठल्याही संस्थेत भरू नयेत, निदान पहिलं वर्ष तरी. परतीचा रस्ता शिल्लक असू द्यावा.

बघायला जाताना

पहिल्यांदा वेळ ठरवून जा, दुसऱ्यांदा न सांगता. दुसरी फेरी संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास मारा. सकाळी सगळीकडे फिनाइलचा वास येतो. संध्याकाळी खरा वास येतो.

बाथरूममध्ये स्वतः जा आणि दार लावून बघा. कडी आतून लावली तर बाहेरून उघडते का? कमोडच्या बाजूचा दांडा हातानं जोरात ओढा, पुष्कळदा तो हलत असतो. उंबरा आहे का? बादली कुठे आहे, बसल्याजागी हात पोचतो का, की उठून वाकावं लागतं? घंटेची दोरी कमोडपाशी आहे की पलंगापाशीच? पडलेल्या माणसाला पलंगापाशीच्या घंटेचा काय उपयोग.

मग जेवणाच्या वेळी कोपऱ्यात बसा. सावकाश जेवणाऱ्यांकडे बघा. एक मदतनीस एका वेळी किती जणांना भरवते? घास गिळला का हे बघून पुढचा देते की चमचा भरून तयारच असतो? एका ठिकाणी मी पाहिलं, एक आजी भाकरीचा तुकडा ताकात बुडवून चोखत बसल्या होत्या, दात नव्हते. मदतनीस बाईंनी काही न बोलता ताट उचललं, भाकरी कुस्करून ताकात भिजवून आणली आणि ‘आजी, आता जेवा बरं’ म्हणून समोर ठेवली. त्या जागेच्या भिंतींचा रंग उडाला होता. मी त्या जागेचं नाव लोकांना बिनदिक्कत सांगते.

जेवण काय मिळतं हेही आहेच. कोकणातल्या माणसाला जन्मभर बटाट्याची भाजी आणि आमटी देणं हा एक छळच. बाहेरून मासे आणून देता येतात का, उपवासाला काय करतात, रात्रीचं जेवण सातला संपलं तर नंतर मधुमेह असलेल्यांना काही मिळतं का.

जे झोपून आहेत त्यांच्याबद्दल एकच प्रश्न: ‘तुमच्याकडे सध्या किती जणांना पाठीला जखमा आहेत?’ ‘एकालाही नाही’ हे उत्तर खोटंही असू शकतं. ‘दोघांना आहेत, त्या हॉस्पिटलमधूनच आल्या होत्या, अशी अशी मलमपट्टी करतो’ हे उत्तर मला जास्त भरवशाचं वाटतं. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद ठेवतात का, तो तक्ता मागा. पुढच्या आठवड्याच्या रकान्यांतही आधीच सह्या केलेल्या दिसल्या तर नमस्कार करून निघा.

रात्री किती माणसं, किती रहिवाशांमागे, झोपतात की जागी असतात? हे मॅनेजरला विचारून झालं की वेगळं एखाद्या रहिवाशालाही विचारा.

सही करण्याआधी

आता सुरुवातीची ती ‘घेऊन जा’ची ओळ. करारात ती कुठे आहे ते शोधा, नसेल तर तोंडी विचारून लिहून घ्या. कुठल्या परिस्थितीत ठेवून घेणार नाही? किती दिवसांची मुदत देता? त्याच आवारात वरच्या पायरीची शुश्रूषा आहे का? नवरा-बायको दोघं जात असतील तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा, कारण दोघं एकाच वेळी आजारी पडत नाहीत. एकाला खाली नर्सिंगच्या खोलीत आणि दुसऱ्याला वर राहता आलं तर दोघांचं भागतं.

बहुतेक संस्था स्थानिक जबाबदार व्यक्तींची नावं मागतात. मुलं परदेशात असली की इथे चुलतभावाचं नाव घातलं जातं, आणि त्या बिचाऱ्याला ते माहीतही नसतं. रात्री दोन वाजता हॉस्पिटलला पोचून सही करू शकेल असाच माणूस लिहा, त्याला विचारून. मृत्यूनंतरचं कोण करणार, किती वेळ थांबायचं, नेत्रदान-देहदानाची इच्छा आहे का, हेही काही अर्जांत असतं. नसेल तरी बोलून ठेवा.

कागदांबद्दल थोडं. मुखत्यारपत्र करून घेतलं की सगळं सुटलं असं लोक धरून चालतात, पण ते करून देणाऱ्याची मती शाबूत असेपर्यंतच चालतं. डिमेन्शिया वाढला की त्याचा आधार जातो, आणि मग पालक नेमून घ्यायला सहसा उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून निदानाच्या सुरुवातीलाच बँक खाती ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही चालवू शकेल अशी) करा, नॉमिनी तपासा, मृत्युपत्र करून घ्या. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर नको असेल तर तसा इच्छालेख करता येतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरीचा शिक्का पुरतो. घर मुलाच्या नावावर करायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात लिहा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं ते या अटीच्या जोरावर.

त्यांना सांगणं

‘चार दिवस फिरायला जाऊ’ असं खोटं सांगून नेऊन सोडू नका. शुद्धीतल्या माणसाला हे कळतं आणि ते तो विसरत नाही. दोन-तीन जागा त्यांनाच दाखवा, खोली त्यांना निवडू द्या, अर्जावर सही त्यांचीच असू द्या. आधी महिनाभर राहून बघायची सोय असते, ती घ्या. पण सुरुवात गणपती-दिवाळीच्या तोंडावर नको. डिमेन्शिया असेल तर लांबलचक समजावण्यात अर्थ नसतो. ओळखीची गोधडी, देव, रेडिओ आणि एक-दोन फोटो आधी खोलीत लावून ठेवा आणि दुपारच्या जेवणाआधी न्या, संध्याकाळी नको.

ठेवल्यानंतर

पहिले दीड महिने रडणं, चिडणं, ‘मला इथून ने’ हे चालतं. ते ऐकून घ्या, पण तेवढ्यावरून जागा बदलू नका. काळजीच्या खुणा वेगळ्या: वजन घटणं, न सांगितलेले काळेनिळे डाग, एकाएकी सतत गुंगीत असणं. वजन दर महिन्याला करायला सांगा आणि आकडा फोनवर मागवा. नवीन औषध सुरू झालं तर कुठलं आणि का, हे विचारा. शांत राहावं म्हणून झोपेच्या गोळ्या देण्याचा मोह सगळीकडे असतो. भेटीचा वार ठरलेला नको.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागतो. मोबाइलवर चेहरा दाखवून तो करता येतो, किंवा पोस्टमन जागेवर येऊन करतो. त्यासाठी आजोबांना बँकेत उचलून न्यायची गरज नाही.

तक्रार असेल तर आधी मॅनेजर, मग लेखी विश्वस्तांना किंवा मालकांना, तारीख घालून. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आईच्या खोलीतही मोठ्या अक्षरात लावून ठेवा, आणि तो तिला स्वतः लावता येतो का ते एकदा तिच्याकडून लावून घेऊन बघा.